एमसीयू तपासणी : मुलाला आधी सांगा, खरं सांगा

लेखमाला : लहान मूल आणि तपासणी – भाग ५

मागच्या भागात आपण रक्त काढण्याबद्दल बोललो. सुई टोचायचं काम क्षणाचं असतं. मूल कितीही रडलं तरी नमुना मिळतो आणि रिपोर्ट येतो. आजच्या तपासणीचं तसं नाही. इथे मूल घाबरून आखडलं तर तपासणीच अर्धवट राहते. तिचं नाव एमसीयू, म्हणजे लघवी करतानाचा मूत्राशयाचा एक्स-रे.

बंगळुरूजवळ होसकोट्यात किंवा व्हाइटफील्डकडे नोकरीनिमित्त आलेल्या मराठी घरांत हे नाव कानावर येतं ते बहुधा असं : मुलीला थंडी वाजून ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही. लघवी तपासली तर जंतुसंसर्ग निघाला. औषधाने ताप उतरला, पण काही महिन्यांनी पुन्हा तेच. सोनोग्राफीत एका बाजूचं मूत्रपिंड थोडं फुगलेलं दिसलं आणि डॉक्टर म्हणाले, "एमसीयू करून घेऊ."

मूत्रपिंडात तयार झालेली लघवी मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते. ही नळी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी आत शिरते. त्यामुळे मूत्राशय भरला की तिचं तोंड दाबलं जातं आणि लघवी उलटी वर चढत नाही. काही मुलांत हा तिरका भाग जन्मतःच आखूड असतो. मग मूत्राशय भरताना किंवा लघवी करताना जोर आला की लघवी मूत्रपिंडाकडे परत जाते आणि जंतू असले तर तेही सोबत जातात. यालाच रिफ्लक्स म्हणतात. वारंवार संसर्ग झाला तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात. ताप येऊन लघवीचा संसर्ग झालेल्या साधारण तीन मुलांमागे एकात रिफ्लक्स सापडतो. त्याच्या १ ते ५ श्रेणी असतात आणि खालच्या श्रेणींचा रिफ्लक्स बहुतेकदा वाढत्या वयाबरोबर आपोआप जातो. मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मजात पडदा असेल तर तोही याच तपासणीत दिसतो. प्रत्येक संसर्गानंतर एमसीयू लागते असं मात्र नाही. 'माझ्या मुलाला ती कशासाठी हवी आहे?' हे डॉक्टरांना जरूर विचारा. कारण नीट कळलेले आईवडील मुलासमोर डगमगत नाहीत.

आता प्रत्यक्ष तपासणी. मूल एक्स-रेच्या टेबलावर उताणं झोपतं. सिस्टर लघवीची जागा थंड औषधाने पुसतात आणि जेली लावून एक बारीक, मऊ नळी मूत्राशयापर्यंत सरकवतात. टांगलेल्या बाटलीतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध, हळूहळू मूत्राशयात सोडलं जातं. किती मावेल याचा अंदाज वयावरून काढतात : वयात २ मिळवून ३० ने गुणायचं. चार वर्षांच्या मुलीला सुमारे १८० मिलिलीटर. मूत्राशय भरला की मुलीला सांगतात, "कर शू." तीही टेबलावरच, सगळ्यांसमोर. फोटो नेमका त्या क्षणाचा हवा असतो, कारण रिफ्लक्स कधी कधी तेवढ्याच वेळात दिसतो. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम.

मुलीच्या बाजूने बघा. गादी ओली करायची नाही, चारचौघांत चड्डी काढायची नाही, हे आपणच तिला शिकवलंय. वर्ष-दोन वर्षांपूर्वीच तिने ते मोठ्या कष्टाने जमवलं आणि त्याबद्दल शाबासकीही मिळवली. आज अनोळखी खोलीत अनोळखी माणसं तिला नेमकं उलट करायला सांगतात. तिने शू रोखून धरली तर तो हट्ट नव्हे. शिकवलेलंच ती इमानाने पाळते आहे. म्हणून आजच्या दिवसापुरती मोकळीक तिला घरूनच, आईबाबांकडून मिळायला हवी.

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरे. चार-पाच वर्षांच्याला दोन दिवस आधी सांगा. फार आधी सांगितलं तर ते काळजीत दिवस काढतं, अजिबात सांगितलं नाही तर पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. सांगायचं ते त्याच्याच शब्दांत : "तुला सारखा ताप का येतो ते डॉक्टरांना बघायचंय. सिस्टर शूच्या जागी बारीक नळी घालतील. आधी थंड लागेल, मग थोडं टोचल्यासारखं, मग खूप शू आल्यासारखं. मी तुझ्या डोक्याशी उभी असेन. डॉक्टर सांगतील तेव्हा तिथेच शू करायची. त्या दिवशी चालतं." बाहुलीला झोपवून हाच खेळ दोनदा खेळा, एकदा मुलीला सिस्टर होऊ द्या.

सराव दोन गोष्टींचा करा. पहिली फुंकर : साबणाचे फुगे उडवताना श्वास लांब सुटतो, अंग सैल पडतं आणि नळी सैल अंगात सहज जाते. दुसरा सराव झोपून शू करण्याचा. बाथरूमच्या फरशीवर जुना टॉवेल अंथरा, मुलीला उताणं झोपवा, कोमट पाणी पायांवर सोडा आणि म्हणा, "आता कर." पहिल्यांदा ती हसेल, जमणारही नाही, पण घरी एकदा जमलं की टेबलावरचं निम्मं काम झालं.

आणखी एक गोष्ट न संकोचता बोला. शूच्या जागेला डॉक्टर आणि सिस्टर हात लावतील तो तपासणीसाठी, आणि आई किंवा बाबा तिथे असतानाच. इतर कुणी असा हात लावायचा नाही, आणि कुणी लावलाच तर लगेच घरी सांगायचं.

'गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील' हे वाक्य आपल्या घरांत सर्रास ऐकू येतं. ते कायमचं सोडा. ज्याच्या नावाने महिनोन्‌महिने धाक घातला, त्याच्यासमोर मूल सैल पडणार कसं?

आता जायचं कुठे? होसकोट्याजवळ एमव्हीजे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञांकडे मात्र अनेकांना बंगळुरूत जावं लागतं. निम्हान्सजवळची सरकारी इंदिरा गांधी बालआरोग्य संस्था हे त्यासाठीचं एक ठिकाण. ओल्ड मद्रास रोडने निघालात तर के. आर. पुरम आणि टिन फॅक्टरीची कोंडी धरूनच वेळ काढा. धावतपळत पोहोचलेल्या आईची धडधड मुलाला कळते. भुलीचं औषध द्यायचं नसेल तर एरवी उपाशी ठेवायची गरज नसते, पण हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारून ठेवा. कपड्यांचे दोन जोड, टॉवेल आणि आवडती बाहुली बरोबर घ्या. तपासणी संसर्ग पूर्ण बरा झाल्यावरच करतात आणि तिच्या आगेमागे अँटिबायोटिक देतात. तो डोस चुकवू नका.

आत आईबाबांपैकी एकाने थांबावं. मुलाजवळ आई हवी ही गोष्ट वैद्यकशास्त्रालाही उशिराच उमगली. जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातले दिवस चित्रित केले आणि १९५२ मध्ये ती फिल्म दाखवली. आईवाचून ती कशी मिटत गेली ते त्या फिल्ममध्ये सगळ्यांना दिसलं. तिथल्याच प्लॅट समितीच्या १९५९ च्या अहवालाने पालकांना हवं तेव्हा भेटू द्यावं आणि लहान मुलांजवळ आईला राहू द्यावं, अशी शिफारस केली. आपल्याकडे अजून दारात अडवलं जाऊ शकतं, म्हणून आधीच विचारा. कानडीत एवढं पुरतं : "नानु मगु जोते इरबहुदा?" मी मुलाजवळ थांबू का? एक्स-रेची खोली असल्यामुळे शिशाचा एप्रन घालावा लागतो. आई गरोदर असेल तर तिने आत जाऊ नये. बाबा, मावशी, आजी यांपैकी कुणी तरी जावं आणि ते मुलीला आधीच ठाऊक असावं.

सिस्टर म्हणतील "अल्लाडबेड", म्हणजे हलू नको. "उसिरु बिडु", श्वास सोड. "सुसु माडु", शू कर. हे तीन शब्द घरी खेळात आणा. इथल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला ते तुमच्याआधी कळतील.

टेबलाजवळ डोक्याच्या बाजूला उभं राहा, चेहरा चेहऱ्याशी. 'काही नाही होत, काही नाही होत' असं घोकू नका. मोठ्यांच्या अशा धीराच्या शब्दांबरोबर मुलांची भीती कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते, असं सुई टोचतानाच्या अभ्यासांत आढळलं आहे. घाबरण्यासारखं काहीतरी आहे, एवढंच मूल त्यातून ताडतं. लक्ष दुसरीकडे वळवण्याचा मात्र उपयोग होतो. फुंकर घालायला लावा, गोष्ट सांगा, 'आता थंड लागेल' असं पुढचं पाऊल आधी सांगा. बोलायचं एकाच माणसाने. रडू आलं तर रडू द्या. हात-पाय न हलवणं हे तिचं काम, रडू आवरणं नव्हे. मूल फारच भेदरत असेल तर हलकं गुंगीचं औषध देता येईल का, हे आधीच्या भेटीतच डॉक्टरांशी ठरवा.

घरी आल्यावर भरपूर पाणी पाजा. पहिल्या एक-दोन वेळेला शू करताना जळजळ होते, लघवीला किंचित लालसर छटाही येऊ शकते. ताप आला, लघवी अडली किंवा रक्त वाढत गेलं तर लगेच डॉक्टरांना गाठा.

मग मुलीबरोबर सगळं पुन्हा एकदा बोला. १९९७ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की जन्मल्यावर लगेच भूल न देता सुंता झालेली बाळं चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त कळवळतात. इतक्या तान्ह्या वयातलं दुखणं जर मागे राहतं, तर चार वर्षांच्या मुलीच्या मनात आजचा दिवस राहणारच. रिफ्लक्स निघाला तर पुढे सोनोग्राफी, स्कॅन, कदाचित पुन्हा एमसीयू. त्या प्रत्येक वेळी ती आजचा अनुभव घेऊनच जाणार आहे. म्हणून नेमकं सांगा : "तुला थंड लागलं, तू रडलीस, तरी पाय हलवले नाहीस. डॉक्टरांनी सांगितल्यावर शू केलीस, म्हणून फोटो मिळाला." यातला शब्द न्‌ शब्द खरा असला पाहिजे. आधी सांगितलं तसंच घडलं, हे जिला एकदा कळलं, तिला पुढच्या तपासणीला न्यायला खोटं बोलावं लागत नाही.

(पुढच्या भागात : झोपेतला ईईजी – मुलाला रात्री जागवायचं कसं आणि कशासाठी)