कुलूप लागल्यानंतरचे काम



कामगार संघटनेत केस पांढरे केलेल्या माणसाने या व्यासपीठावरून बोनसविषयी किंवा किमान वेतनाविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. ‘मी कुत्र्यांवर बोलणार आहे’ असे कळविले तेव्हा आपल्या चिटणिसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मी पशुवैद्य नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतील कायद्याच्या पुस्तकांवर आणि वाचनालयाच्या बाकावर. पण इतक्या वर्षांच्या कामातून एक सवय अंगी लागली आहे. कोणताही माल विकायला आलेला दिसला की मनात प्रश्न येतो, हा कोणी तयार केला, कोणत्या परिस्थितीत केला, आणि तयार करणाऱ्याचे पुढे काय झाले? हाच प्रश्न मी टोपलीतल्या गोजिरवाण्या पिल्लाला लावून पाहिला. त्याचे जे उत्तर मिळाले ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आपट्याला आमच्या घरी गेली चार वर्षे एक लॅब्रॅडोर जातीची मादी आहे. कुत्र्यांची पैदास करणारी एक शेड बंद पडली आणि तेथील जनावरे काही तरुण स्वयंसेवकांनी बाहेर काढली. त्यांपैकी ही एक. माझ्या मुलीने तिला आणले तेव्हा खरे सांगायचे तर मी रागावलो होतो. घरात माणसांचीच गर्दी, त्यात हे आणखी एक तोंड! मुलगी म्हणाली, “बाबा, पंधरा दिवसांपुरतीच आहे.” ते पंधरा दिवस अद्याप संपलेले नाहीत.

ती सहा वर्षांची असावी असा डॉक्टरांचा अंदाज होता, पण दिसत होती बारा वर्षांची. पोटाखालचे सड लोंबत होते, दात झिजले होते, पंजे फाकले होते. माणसांदेखत ती अन्नाला तोंड लावीत नसे. सगळे झोपले की मध्यरात्री भांडे चाटल्याचा आवाज येई. अंगणातल्या मातीवर पाय ठेवायला ती थरथर कापे. आमच्याकडे दिवसातून कितीदा तरी गाडी जाते. प्रत्येक गाडीला ती भिंतीकडे तोंड करून बसे. तिला कोणी मारीत होते की काय, असे मी त्या मुलांना विचारले. ती म्हणाली, “काका, मारीत असतील-नसतील, पण हिने पिंजऱ्याबाहेरचे जगच पाहिलेले नाही.” तेव्हापासून मी हा विषय वाचू लागलो.

इंग्रजीत अशा ठिकाणाला ‘पपी मिल’ म्हणतात, म्हणजे पिल्लांची गिरणी. गिरणी हा शब्द मुंबईच्या माणसाला नवा नाही, आणि येथे तो नेमका बसतो. कुत्रीचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा. बहुतेक जातींची मादी वर्षातून सुमारे दोनदा माजावर येते. जिव्हाळ्याने कुत्री पाळणारा माणूस एका वेतानंतर तिला विसावा देतो. गिरणीवाला देत नाही. प्रत्येक माजाला तिला गाभण ठेवावयाचे, पिल्ले शक्य तितक्या लवकर आईपासून तोडून विकावयाची, आणि वेत कमी पडू लागले की तिला काढून टाकावयाचे, हे तेथील अर्थशास्त्र. जागा, औषधपाणी, सफाई आणि सफाई करणारा माणूस हा सगळा ‘खर्च’. पिल्लू तेवढे ‘उत्पन्न’. खर्च कमी करावयाचा म्हटल्यावर पिंजरे एकावर एक चढतात. घाण खाली पडावी म्हणून तळाला जाळी येते आणि त्या जाळीने पंजे फाकतात. गिऱ्हाइकाला यातले काही दिसत नाही. त्याला मोबाईलवर फोटो दिसतो आणि पिल्लू स्टेशनबाहेर किंवा हायवेवरच्या हॉटेलापाशी हातात मिळते.

असे ठिकाण बंद झाले की आपण टाळी वाजवितो. पण मंडळी, बंद होणे म्हणजे काय, हे आम्हा युनियनवाल्यांना चांगले ठाऊक आहे. गेटला कुलूप लागते त्या दिवशी पुढारी येतात, फोटो निघतात. आठव्या दिवशी गेटपाशी कोणी नसते. आत जे होते त्यांच्या पोटाचा प्रश्न मात्र पहिल्या दिवशी होता तेथेच असतो. कुत्र्यांच्या बाबतीत तर तेवढेही नाही. त्यांना निवेदन देता येत नाही आणि गावी परत जाता येत नाही, कारण गाव नाही. म्हणून कुलूप लावणे हे अर्धेच काम. उरलेले अर्धे कोणी तरी अंगावर घ्यावे लागते.

हे उरलेले अर्धे काम केवढे असते, याचे अलीकडचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. व्हर्जिनिया राज्यात कंबरलंड येथे एन्विगो नावाच्या कंपनीचे केंद्र होते. तेथे प्रयोगशाळांना पुरविण्यासाठी बीगल जातीची कुत्री पैदा केली जात. हा घरगुती पिल्लांचा व्यापार नव्हे, पण पद्धत गिरणीचीच. सुमारे पाच हजार कुत्री एका जागी! 2021 साली सरकारी निरीक्षकांनी तपासणी केली. सात महिन्यांहून कमी काळात तीनशेहून अधिक पिल्ले दगावल्याचे, आणि कारण शोधण्याची तसदी कोणी न घेतल्याचे त्यांना आढळले. पिल्लांना पाजणाऱ्या आयांचे खाणे बंद ठेवल्याचीही नोंद झाली. मे 2022 मध्ये सरकारने कोर्टात दावा लावला. तेथील झडतीत चारशेहून अधिक कुत्री तातडीच्या उपचारांची गरज असलेली सापडली.

त्यानंतरची गोष्ट आपल्या विषयाची आहे. कंपनीने केंद्र बंद करण्याचे ठरविले, तेव्हा आत जवळजवळ चार हजार कुत्री होती. कोर्टाच्या संमतीने एका प्राणिरक्षक संस्थेने ती बाहेर काढण्याचे काम पत्करले. जुलैच्या उत्तरार्धात पहिली गाडी निघाली आणि 1 सप्टेंबर 2022 पर्यंत 3,776 कुत्री बाहेर पडली. एका संस्थेच्या आवाक्यातले हे काम नव्हते. देशभरच्या अनेक लहानमोठ्या आश्रयगृहांनी आपापला वाटा उचलला, आणि त्यांच्यामागे हजारो साधी कुटुंबे उभी राहिली. ब्रिटनचे राजपुत्र हॅरी आणि त्यांच्या पत्नी मेगन यांनी त्यांतली एक मादी घरी नेली. बाकीच्यांना घर दिले ते आपल्यासारख्यांनी. पुढे जून 2024 मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि एकूण साडेतीन कोटी डॉलर्सहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले. त्या कबुलीतले एक कलम मी वहीत उतरवून ठेवले आहे: पुरेशी माणसे नेमली नाहीत, हेही गुन्ह्यात धरले गेले. जेथे जनावरांचे हाल होतात तेथे बहुधा कामगारही अपुरे आणि दबलेले असतात, हा माझा अनुभव. त्याला तेथे कायद्याची साक्ष मिळाली.

आता हे काम प्रत्यक्ष चालते कसे, ते सांगतो. पहिली पायरी मोजदादीची. प्रत्येक जनावराला क्रमांक, फोटो, वजन, अंदाजे वय, अंगावरच्या जखमा. ही नोंद कोर्टात पुरावा ठरते आणि डॉक्टरांना केसपेपर. दुसरी पायरी वेगळे ठेवण्याची. दाटीवाटीत राहिलेल्या कुत्र्यांत पार्व्हो, डिस्टेंपर असे सांसर्गिक रोग असू शकतात, म्हणून साधारण दोन आठवडे त्यांना इतर जनावरांत मिसळू देत नाहीत. जंत आणि गोचिडांचा बंदोबस्त, लसी, दातांचे उपचार या मुदतीत सुरू होतात. तिसरी पायरी नसबंदीची. ही टाळली तर आपण एका गिरणीतला माल दुसऱ्या गिरणीला पोचविला, एवढेच होईल. चौथी पायरी तात्पुरत्या घराची. आमच्याकडे ‘पंधरा दिवसांपुरती’ आली ती अशी. आश्रयगृहात जनावर जगते, पण घरात कसे राहावे हे ते घरातच शिकते. पाचवी पायरी कायमच्या घराची. येथे नुसता उत्साह चालत नाही. घर भाड्याचे आहे काय, दिवसा घरी कोण असते, खर्च झेपेल काय, घरातली वडील मंडळी राजी आहेत काय, हे विचारावे लागते. लोकांना या प्रश्नांचा राग येतो. पण दिलेले कुत्रे महिन्याने परत आले तर ते दुसऱ्यांदा मोडते.

सर्वांत अवघड असते ती मनाची दुरुस्ती. अशा पैदाशीच्या जागी राहून आलेल्या हजाराहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास अमेरिकेतील संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केला. सामान्य पाळीव कुत्र्यांपेक्षा या कुत्र्यांत भीती पुष्कळ अधिक आढळली, आणि ती घर मिळून वर्षे लोटली तरी अनेकांत उरली होती. स्वयंसेवक एक ढोबळ हिशेब सांगतात: पहिले तीन दिवस नुसते घाबरण्याचे, तीन आठवडे घराची रीत समजण्याचे, तीन महिने हे घर आपले वाटण्याचे. आमच्या मादीला तिसरा टप्पा गाठायला वर्ष लागले. उपाय मोठे नाहीत. खाण्याच्या वेळा बदलायच्या नाहीत, अंगावर वाकून हात फिरवायचा नाही, लपायला एक कोपरा तिचा म्हणून सोडायचा. घरात आधीचे शांत कुत्रे असेल तर काम निम्मे होते. बंगळूरच्या एका प्राणिमित्र संस्थेने 2016 साली प्रयोगशाळेतून सुटलेल्या दीडशेवर बीगलांना घरे दिली. तेव्हा तिनेही आधीपासून कुत्रे असलेल्या घरांना पसंती दिली होती.

हे सारे साहेबी खूळ आहे, असे म्हणणारे भेटतात. त्यांना मी मुंबईचा इतिहास सांगतो. 1832 साली कंपनी सरकारच्या अमलात मुंबईत बेवारस कुत्री मारण्याची मोहीम निघाली. मारणाऱ्याला नगामागे आठ आणे मिळत. नगावर मजुरी ठेवली की काय होते हे कामगाराला विचारा! नग वाढविण्यासाठी लोकांच्या घरची कुत्रीही पकडली जाऊ लागली. 6 जून रोजी पारशी जमावाने शिपायांना मारहाण केली, ती वाईटच. पण दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन, मुसलमान दुकानदारही सामील झाले, बाजार बंद राहिला आणि लष्कराची रसद अडली. गिरणीची चिमणी मुंबईत उभी राहण्यापूर्वीचा हा बंद कुत्र्यांसाठी झाला होता. आणि लोक तेथे थांबले नाहीत. 1834 साली जमशेटजी जीजीभॉय, मोतीशहा शेठ इत्यादींच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. ‘मारू नका’ म्हणणाऱ्यांनी ‘मग ठेवायची कोठे’ याचेही उत्तर दिले.

कायद्याचे म्हणाल तर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक आणून ज्या विषयाला चालना दिली, त्यातून 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. कायदा चांगला, पण पहिल्या गुन्ह्याला त्याने ठरविलेला दंड होता दहा ते पन्नास रुपये! कुत्र्यांच्या पैदाशीसाठी स्वतंत्र नियम यायला 2017 साल उजाडावे लागले. त्या नियमांनी ब्रीडरला राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली. मादी दीड वर्षाची होण्यापूर्वी तिची वीण करावयाची नाही, वर्षात एकाहून अधिक वेत घ्यावयाचे नाही, जन्मभरात पाचाहून अधिक नाही, आठ वर्षांपुढे मुळीच नाही, आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकावयाचे नाही, अशी बंधने घातली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या नियमांनी, खटला चालू असताना जप्त जनावरांच्या सांभाळाचा भार आरोपीवर टाकण्याची सोय केली. कामगार कायद्यांसारखीच यांची स्थिती आहे. कागदावर ते भक्कम आहेत. अंमल मागणाऱ्याच्या चिकाटीवर अवलंबून आहे.

अंमल मागणारे आपणच. आणि गिऱ्हाईकही आपणच आहोत, हे विसरून चालणार नाही. इंग्लंडमध्ये वेल्समधल्या एका पैदास केंद्रातून सुटलेल्या ल्यूसी नावाच्या मादीच्या नावाने एक कायदा 2020 साली अमलात आला. त्याचे सार असे, की सहा महिन्यांच्या आतले पिल्लू दलालाने विकू नये. ज्याने जन्माला घातले त्याच्याकडूनच, आई समोर असताना ते घ्यावे. ही अट आपण आजपासून स्वतःवर घालून घेऊ शकतो. पिल्लू घ्यायचेच असेल तर म्हणा, “आधी आई दाखवा, मग नोंदणीचा कागद दाखवा.” जो दाखवीत नाही त्याचे पिल्लू कितीही केविलवाणे वाटले तरी घेऊ नका. दया म्हणून घेतलेले एक पिल्लू त्या पिंजऱ्यातल्या आईच्या पुढच्या वेताची ऑर्डर असते. आणि जातिवंताचाच हट्ट नसेल तर आपल्या गल्लीतले गावठी पिल्लू आहेच. ते आपल्या हवेला सरावलेले असते.

ज्यांना कुत्रे पाळणे शक्य नाही त्यांनाही या कामात जागा आहे. कोणाकडे टेंपो असतो, कोणाकडे दोन महिने रिकामी खोली असते, कोणाला अर्ज लिहिता येतो, कोणी दर रविवारी दोन तास पिंजरे धुऊ शकतो. आमच्याकडची मादी ज्या मुलांनी काढली त्यांच्यात एक कॉलेजात जाणारी मुलगी होती आणि एक रिक्षावाला होता. रजा मिळत नव्हती म्हणून रात्रपाळी करून येणारा एक कामगारही होता. त्याला मी विचारले, “बाबा रे, झोपतोस कधी?” तो म्हणाला, “साहेब, मोर्चाच्या आदल्या रात्री तुम्ही कधी झोपत होता?” मला उत्तर देता आले नाही.

परवा संध्याकाळी गाडी गेली तेव्हा आमची मादी ओटीवर पडली होती. तिने मान वर केली, गाडीकडे पाहिले आणि पुन्हा पायांवर ठेवली. एवढे होण्यास चार वर्षे लागली. शेडला कुलूप एका दुपारी लागले होते.