शाळेतून तक्रार आली, तर आधी हात उचलू नका

"तुमचं मूल वर्गात लक्ष देत नाही," असा निरोप आला की अनेक घरांत आधी मार बसतो. माराने मूल गप्प होते. कारण मात्र तसेच राहते. फळा नीट दिसत नसेल, कान वाहत असेल, झोप अपुरी असेल, तरी मूल चुळबुळ करते. कोणी जातीवरून हिणवते का, हेही जवळ घेऊन विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा मोफत तपासणी होते. पथक कधी येणार, ते शाळेत विचारून ठेवा.

मग बाईंना भेटा. मान खाली घालू नका, भांडूही नका. असे कोणत्या तासाला होते? त्याला काय चांगले जमते? घरी काय दिसते, तेही सांगा. दोघांनी मिळून एकच गोष्ट ठरवा: पुढच्या बाकावर बसणे किंवा रात्री वेळेवर झोपणे. पंधरा दिवसांनी पुन्हा भेटा.

हा उपकार नाही, हक्क आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारणे व मानसिक छळ करणे यांवर बंदी आहे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. वस्तीतील आयांनी तिथे बसलेच पाहिजे.

परळच्या चाळीतील एका खोलीत रामजीबाबा भीमरावांना लवकर झोपवत आणि मध्यरात्रीनंतर, सामसूम असताना, अभ्यासाला उठवत. जागा नव्हती, तर त्यांनी वेळ शोधून दिली. पालकाचे काम ते हेच.