पोट उघडं असतानाच रेडिएशन

गुदाशयाचा कर्करोग काढताना सर्जनला हात फिरवायला जागाच फार थोडी मिळते. मोठ्या आतड्याचा हा शेवटचा भाग ओटीपोटातल्या हाडांच्या कडीत बसलेला असतो. मागे त्रिकास्थी, पुढे मूत्राशय, बाजूंना पायांकडे जाणाऱ्या नसा. गाठ त्रिकास्थीला चिकटली असेल, किंवा एकदा काढून तिथेच उलटली असेल, तर काही पेशी मागे राहिल्याची शंका उरतेच.

ऑपरेशनआधी बाहेरून किरणांचा शेक देतात, बहुधा पाच आठवड्यांत मिळून 50 ग्रेच्या आसपास (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं एकक). त्याहून फार वर जाता येत नाही; वाटेतलं लहान आतडं ते सोसत नाही. पण पोट उघडलेलंच आहे, तर आतडं हाताने बाजूला सारून शंकेच्या जागेवरच किरण का सोडू नयेत? क्योटोचे मित्सुयुकी आबे यांनी 1960च्या दशकात या कल्पनेला आधुनिक रूप दिलं.

गाठ निघाली की तिच्या जागी एक नळी टेकवतात. त्रिकास्थीच्या उताराला लागावं म्हणून नळीचं तोंड तिरकं असतं. तिच्यातून जाणारे इलेक्ट्रॉन काही सेंटिमीटरांतच थांबतात, पलीकडचं बरंचसं वाचतं. तेवढी मिनिटं खोलीत एकटा रुग्ण. भूलतज्ज्ञही बाहेरून कॅमेऱ्यावर लक्ष ठेवतो.

मात्रा साधारण 10 ते 20 ग्रे, पण एकाच दमात. त्यामुळे तिचा परिणाम हप्त्याहप्त्याने दिलेल्या दुप्पट-तिप्पट मात्रेएवढा धरतात. अडचण नसांची. आतडं सरकवता येतं, नसा नाही. मात्रा वाढली की पायात कळा, बधिरपणा, कधी अशक्तपणा मागे लागतो.

मग सरसकट सगळ्यांना द्यावं का? फ्रान्समधल्या एका चाचणीत काही रुग्णांना ऑपरेशनदरम्यान 18 ग्रे दिले, काहींना नाही. 2011 साली निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत नव्वद टक्क्यांहून अधिक जणांचा रोग पाच वर्षांनंतरही त्या जागी परतला नव्हता. मला हा ‘नापास’ निकाल फार मोलाचा वाटतो. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी गुदाशय भोवतीच्या चरबीच्या आवरणासकट अखंड काढण्याची रीत रुजवली. ते काम नीट झालं तर वरून किरणांची भर कशाला?

म्हणून आज हा उपचार मुख्यतः चिकटलेल्या आणि उलटलेल्या गाठींसाठी राखून ठेवतात. तिथेही मात्रा बऱ्याचदा टेबलावरच ठरते. कापलेल्या कडेचा तुकडा गोठवून पॅथॉलॉजिस्ट लगेच तपासतो. कडा स्वच्छ असेल तर 10 ग्रे, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसल्या तर साडेबारा, नुसत्या डोळ्यांना दिसेल असा रोग उरला असेल तर 15 किंवा अधिक.