नागराजची मनगटं मूळची पुण्याची

भाड्याची कॉमिक्स आणून उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढलेल्या पिढीला नागराज कोण हे सांगावं लागत नाही. हिरवी खवलेदार कातडी, श्वासात विष, रक्तात सूक्ष्म साप आणि मनगटातून सुटणाऱ्या सापांच्या दोऱ्या. दिल्लीतल्या बुराडीच्या राज कॉमिक्सने 1986 मध्ये हा हिंदी बोलणारा नायक बाजारात आणला. त्याला अंगपिंड दिला तो पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. पण हे खुद्द पुण्यातही फारसं कुणाच्या गावी नसतं.

पहिली कथा परशुराम शर्मांची. प्रोफेसर नागमणी नावाचा शास्त्रज्ञ गुन्हेगारांना विकण्यासाठी एक जिवंत हत्यार तयार करतो, तोच नागराज. पहिलीच कामगिरी देवळातली सोन्याची मूर्ती पळवण्याची. तिथे त्याची गाठ बाबा गोरखनाथांशी आणि त्यांच्या मुंगसाशी पडते. त्याच्या डोक्यात बसवलेली, त्याला ताब्यात ठेवणारी कॅप्सूल बाबा काढून टाकतात. मग विकाऊ हत्यार उलटतं आणि दहशतवाद्यांच्या मागे लागतं. साप, नाथपंथी बाबा, मुंगूस हे सगळं गावच्या जत्रेतलं आणि कॅप्सूल विज्ञानकथेतली, अशी ही मिसळ आहे. कागदावर ती हास्यास्पद वाटते. चित्रात वाटली नाही, याचं श्रेय मी चित्रकाराला देतो.

मुळीक सुपरहिरोच्या शाळेतून आलेले नव्हते. अमर चित्र कथेसाठी त्यांनी राजे, योद्धे, देव काढले होते. तिथे वस्त्रांच्या चुण्या, घोड्यांचे पाय, हातांच्या मुद्रा चुकवून चालत नाही. ऐंशीच्या दशकात अमिताभ बच्चनला नायक करून ‘सुप्रीमो’ हे कॉमिक निघालं. त्यात गुलजार यांचं मार्गदर्शन होतं, चित्रं मुळीकांची होती. म्हणजे नागराजकडे येईपर्यंत पुराणपुरुष आणि सिनेमाचा नट, दोन्ही त्यांच्या हाताखालून गेले होते. नागराजमध्ये मला दोघांचीही छाया दिसते. छाती देवाची, उभं राहण्याची ढब नटाची.

मनगटाचंच बघा. हातातून साप निघतो हे वाचकाने मानायचं असेल, तर आधी तो हात खरा वाटायला हवा. मूठ वळल्यावर कोपराखालचा स्नायू कुठे फुगतो, अंगठ्याच्या मुळाशी खळगा कुठे पडतो, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच तिथून साप काढावा. नाहीतर नळाला लावलेला पाइप दिसतो. साप हा चौकटीतला वाटाड्याही असतो. त्याचं वेटोळं डावीकडून उजवीकडे, शत्रूच्या गळ्याकडे नेलं की वाचकाची नजर आपोआप पुढच्या चौकटीवर जाते. त्यात प्रत्येक वळणाला शाईची रेघ जाड-बारीक करायची, खवले वळणाबरोबर फिरवायचे. असे दहा साप एका पानावर असले की चित्रकाराचा दिवस संपला म्हणून समजा.

अर्थात हे एकट्याचं काम नव्हतंच. जुन्या अंकांची श्रेयनामावली वाचली तर कला निर्देशन मुळीकांचं आणि त्यांच्यासोबत चंदू, मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे अशी नावं सापडतात. अक्षरं काढणाऱ्याचं नावही वेगळं. कॉमिक वाचताना ते पान आपण सगळ्यांनी न वाचता उलटलेलं असतं.

स्पष्टच सांगायचं तर त्या पहिल्या काळातल्या कथा पुढे पुढे एकसुरी झाल्या. नागराज या देशात जातो, त्या देशात जातो, तिथल्या खलनायकाला लोळवतो, पुढच्या देशाचं तिकीट काढतो. त्याला घर नाही, नोकरी नाही, कुणी नातेवाईक नाही. चित्रं बघायला मजा यायची, पण माणूस म्हणून त्याच्याबद्दल काही वाटत नसे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सूत्रं अनुपम सिन्हांकडे आली. राज कॉमिक्सचा दुसरा नायक सुपर कमांडो ध्रुव हा त्यांचाच, आणि ते लिहायचेही, काढायचेही. त्यांनी नागराजला महानगर नावाच्या शहरात वसवलं आणि राज या नावाने भारती कम्युनिकेशन्समध्ये नोकरीला लावलं. सगळ्यात धाडसाचं काम म्हणजे ‘खजाना’ मालिकेत त्यांनी त्याचा जन्मच नव्याने सांगितला. तो तक्षकराज आणि राणी ललिता यांचा मुलगा ठरला, नागपाशा त्याचा दुष्ट काका. नागमणीच्या हाती तो लागला तो नंतर. जुनी कथा पुसली नाही, तिच्या आधी एक प्रकरण जोडलं. कीर्तनकार आख्यानात हेच करतो, म्हणून आपल्या वाचकाला ते खटकलं नसावं.

इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठी झालेला वेताळ, म्हणजे फँटम, याच्या उलट वाढला. 1936 पासून 1999 मध्ये मरेपर्यंत ली फॉक हेच त्याचे लेखक. चित्रकार तेवढे बदलले. त्यामुळे वेताळाचा चेहरा बदलला तरी बोलणं तेच राहिलं. नागराजचे लेखकही बदलले आणि चित्रकारही. तरी तो ओळखू येतो, कारण नंतरच्या प्रत्येकाने हात लावला तो आधीच तयार असलेल्या शरीराला. सिन्हांच्या नागराजचे स्नायू जास्त फुगीर आहेत, चौकटी जास्त गजबजलेल्या आहेत. मला स्वतःला मुळीकांच्या पानांतली मोकळी जागा अधिक आवडते. कथा मात्र सिन्हांचीच सरस.

मुळीकांचा हात नागराजच्या पलीकडेही बघायचा असेल, तर ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेलं त्यांचं ‘स्केचिंग’ हे पुस्तक अप्पा बळवंत चौकात विचारून बघा. त्यात साप शोधू नका, मनगटं बघा.