आमच्या मनीचं जेवण

छावणीला दर गुरुवारी बाजार भरतो. दोन वर्षांपूर्वी त्या बाजारातून येताना आईने भाजीच्या पिशवीत घालून मनीला आणलं. तेव्हा ती एवढीशी होती. आम्ही तिला रोज दूध-भाकर घालायचो.

मागच्या पावसाळ्यात मनी वाळत चालली. तिला सारखे जुलाब व्हायचे, केस गळायचे. ती चुलीपाशी नुसती पडून राहायची. मला रडूच आलं. बाबांनी तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मीपण गेले. डॉक्टरांनी औषध दिलं आणि विचारलं, "हिला खायला काय देता?" मी सांगितलं, "दूध-भाकर." ते हसून म्हणाले, "बाळ, मांजर वाघाच्या जातीचं. वाघ भाकरीवर जगेल का?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. पुष्कळशा मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, म्हणून जुलाब होतात. शिवाय मांजराला टॉरीन नावाचा पदार्थ लागतो. तो मांसात आणि मासळीत असतो, भाकरीत नसतो. तो कमी पडला की मांजर आंधळं होतं, हे १९७५ साली कळलं. त्याने हृदयही दुबळं होतं, हे १९८७ साली अमेरिकेत सिद्ध झालं. उंदीर खाल्ला की मांस, काळीज, हाडं सगळं एकदम मिळतं. आपणही जेवण तसंच करायचं.

पण आमची आजी माळकरी. घरात मांस शिजणार कसं? मी भीत भीत विचारलं. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "देवानं तिला तोच घास दिलाय. आपण कोण अडवणार?" तिनेच गोठ्यामागे तीन दगडांची चूल मांडून दिली. एक जुनं पातेलंही वेगळं काढलं.

आता मी असं करते. बाबा छावणीतून कामावरून येताना कोंबडीचं १५० ग्रॅम मांस आणतात. त्यातच २-३ हृदयं आणि बोटाच्या पेराएवढी कलेजी असते. कलेजी जास्त घालू नये, बाधते. मांस बुडेल एवढ्या पाण्यात २० मिनिटं शिजवायचं. हाडं सगळी काढून टाकायची, कारण शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि घशात रुततं. मग मांस बारीक करून त्यात एक चमचा भात आणि थोडा उकडलेला तांबडा भोपळा कालवायचा. हाडांच्या ऐवजी अंड्याचं कवच धुऊन, भाजून, अगदी बारीक कुटून त्याची चिमूटभर पूड घालायची. शिजवलेलं पाणी फेकायचं नाही. टॉरीन त्यात उतरतं, म्हणून ते जेवणातच ओतायचं. एवढं मनीला दोन वेळा पुरतं. उरलं तर शिळं घालायचं नाही.

मीठ, तिखट, मसाला काही नको. कांदा-लसूण तर मुळीच नको. त्याने मांजराचं रक्त कमी होतं. चहा आणि चॉकलेटही देऊ नये. जवळ स्वच्छ पाण्याची वाटी कायम असावी.

रोज मांस परवडत नाही. त्या दिवशी उकडलेलं अंडं देतो, आणि उंदीर तर ती स्वतःच धरते. पिल्लू असेल किंवा मांजर आजारी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता मनी चांगली गुबगुबीत झाली आहे. आजी मांसाला हात लावत नाही, पण संध्याकाळ झाली की तीच ओसरीवरून हाक मारते, "मने, ये गं, जेवण झालंय!"

— इयत्ता ७ वीतील एक विद्यार्थिनी