तीन दिव्यांचा कंपू

महादजी शिंदे यांच्या सेवेत असलेल्या डी बॉयन या यूरोपीय सेनानीने कवायती पायदळाच्या ज्या पलटणी उभारल्या, त्यांना त्या काळी 'कंपू' म्हणत. पुढे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली व तिचेच लष्कर शहर झाले. आपल्या वस्तीच्या नावात तो जुना शब्द अजून नांदतो आहे. कंपूतील शिपाई थोडे असले, तरी एका हुकुमाने चालल्यामुळे त्यांचे सामर्थ्य वाढे. असाच एक चिमुकला कंपू हल्ली अनेक घरांत संगणकाच्या मेजावर आढळतो. खेळासाठी घेतलेल्या माऊसच्या पोटात जे रंगीत दिवे चमकतात, त्यांविषयी येथे थोडे सांगावयाचे आहे.

हा माऊस क्षणात तांबडा, क्षणात जांभळा, क्षणात पिवळा होतो. पाहणाऱ्यास वाटते की, आत नाना रंगांचे दिवे दडविले असावेत. वस्तुतः प्रत्येक ठिकाणी बहुधा तीनच दिवे असतात : लाल, हिरवा आणि निळा. आपल्या डोळ्यांच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या आहेत. त्या कोणत्या प्रमाणात उत्तेजित होतात, यावरून मेंदू रंग ठरवितो. म्हणून तीन दिव्यांचे प्रमाण बदलले की रंग बदलतो. लाल व हिरवा मिळून पिवळा, लाल व निळा मिळून जांभळट, आणि तिन्ही योग्य प्रमाणात मिळून पांढरा दिसतो. चित्रकलेच्या तासाला शिकलेला नियम येथे चालत नाही. तेथे एक रंग दुसऱ्यात मिसळला की प्रकाश अधिक शोषला जातो. येथे मात्र प्रकाशात प्रकाशाची भर पडते.

हे दिवे म्हणजे 'एलईडी'. जुन्या दिव्यात तार तापून उजळते; एलईडीत तसे होत नाही. अर्धसंवाहक पदार्थाच्या दोन थरांच्या संधीवर इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत उतरतो आणि उरलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर टाकतो. ही उतरण्याची पायरी लहान असेल तर प्रकाश लाल, मोठी असेल तर निळा. अर्थात दिव्याचा रंग काचेने नव्हे, तर पदार्थाने ठरतो.

लाल दिवा १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी सिद्ध केला. हिरवाही लवकरच आला. निळ्यासाठी मात्र सुमारे तीस वर्षे वाट पाहावी लागली. त्यास लागणाऱ्या गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढविणे अतिशय कठीण होते, आणि अनेकांनी तो नाद सोडून दिला. जपानमधील इसामु अकासाकी व हिरोशी अमानो यांनी १९८६ मध्ये चांगले स्फटिक मिळविले. पुढे शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा दिवा जगापुढे ठेवला. तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज घरोघरी जळणारा पांढरा एलईडी दिवाही बहुतांशी निळ्या दिव्यावर पिवळा प्रकाश देणारा लेप चढवूनच तयार होतो.

आता रंग बदलण्याची रीत पाहू. माऊसबरोबर मिळणारी आज्ञावली संगणकावर उघडून प्रकाशाचा विभाग निवडावा. तेथे रंगचक्र असते, किंवा तीन आकडे भरावयाचे असतात. प्रत्येक आकडा ० ते २५५ पर्यंत, म्हणजे २५६ पायऱ्यांचा. म्हणून एकंदर १,६७,७७,२१६ मिश्रणे संभवतात. लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ असे भरल्यास पडद्यावर केशरी रंग दिसतो. माऊसवर तोच रंग कित्येकदा पिवळसर भासतो. अशा वेळी हिरव्याचा आकडा उतरवावा. काही माऊस निवडलेला रंग स्वतःच्या स्मरणात ठेवतात. काही मात्र दुसऱ्या संगणकास जोडताच मूळ रंगावर जातात.

दिवा मंद करण्यासाठी तो सहसा सेकंदास शेकडो वेळा विझविला व पेटविला जातो. पेटता काळ कमी केला की डोळ्यास प्रकाश कमी वाटतो. अंधारात माऊस भरभर हलवून पाहिल्यास प्रकाशरेषेत पुष्कळदा तुटक ठिपके दिसतात. आणखी एक प्रयोग करावा. माऊसचा रंग पिवळा करून त्याचे प्रतिबिंब जुन्या सीडीच्या चकचकीत पृष्ठावर तिरपे पाहावे. लाल आणि हिरवा वेगळे झालेले आढळतील. डोळ्यास जो एकच रंग वाटला होता, तो दोघांचा होता, हे तेथे उघड होते.

विद्यार्थिमित्रांनो, दोन गोष्टी मात्र ध्यानात असू द्याव्यात. रंगीत प्रकाशाने माऊसची गती वा अचूकता तिळमात्र वाढत नाही. म्हणून केवळ झगमगाटासाठी पालकांचे अधिक पैसे खर्च करविण्यापूर्वी विचार करावा. बिनतारी माऊसची बॅटरी तर दिव्यांमुळे लवकर उतरते. दुसरी गोष्ट झोपेची. रात्री निळा प्रकाश डोळ्यांत गेल्यास झोपेस साहाय्य करणाऱ्या मेलाटोनिन या द्रव्याची निर्मिती मंदावते. माऊसचा दिवा लहान असला, तरी समोरच्या पडद्याचा प्रकाश लहान नसतो. परीक्षेच्या दिवसांत रात्री दोन्ही विझवावेत, हेच उत्तम.

ज्या निळ्या ठिपक्यासाठी विद्वानांनी आयुष्याची वर्षे वेचली, तो आज आपल्या तळहाताखाली आहे. त्याचा रंग बदलणे हे क्षणाचे काम. तो का बदलतो हे जाणून घेणे, हा खरा लाभ होय.