बाळाने टाकलेलं दही

पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घ्यावं, पाठीवरून हात फिरवावा, तर ढेकरेबरोबर पदरावर पांढऱ्या कण्या. 'दही टाकलं,' आजी शांतपणे म्हणते. आजीचं बरोबर आहे. जठरात गेलेलं दूध फुटायचंच असतं. केसीन या प्रथिनाच्या गुठळ्या होतात आणि निवळी पुढे आतड्यात सरकते. पनीर करताना पातेल्यात दिसतं, तसंच.

फरक गुठळीत आहे. गायीच्या दुधातल्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के केसीन असतं, त्यामुळे चोथा घट्ट बसतो. आईच्या दुधात ते साधारण ४० टक्के, पहिल्या दिवसांच्या चिकात आणखी कमी. गुठळी भुसभुशीत होते, जठर लवकर रिकामं होतं आणि बाळ पुन्हा रडायला लागतं. त्यावरून 'हिला दूधच पुरत नाही' असं ठरवून टाकणाऱ्या पाहुण्यांना चहा देऊन वाटेला लावावं.

निवळीतली गंमत वेगळीच. लॅक्टोफेरिन आणि आईची प्रतिपिंडं ही प्रथिनं मुळात पचण्यासाठी नसतातच. आतड्यात उतरून जंतूंना अडवायचं, हे त्यांचं काम. नवजात बाळाच्या जठरात आम्ल कमी, प्रथिनं तोडणारं पेप्सिनही कमी, म्हणून त्यातली बरीचशी शाबूत पुढे जातात. बाळाच्या शीमध्येसुद्धा सापडतात. आपण ज्याला कच्चं पोट म्हणतो, ते इथे सोयीचं ठरतं.

डब्यातली पावडर बहुधा गायीच्या दुधाचीच. तिच्यात जादा निवळी मिसळून पुष्कळदा निवळीतली प्रथिनं आणि केसीन यांचं प्रमाण आईच्या दुधाजवळ, ६०:४० असं आणतात. पण त्या निवळीत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन भरपूर, जे आईच्या दुधात नसतंच. बाळं तिच्यावरही वाढतात. ज्या आईला पाजणं जमत नाही, तिला कुणी टोमणे मारायचं कारण नाही. फक्त पावडर करताना दूध तापवावं लागतं, आणि निवळीतल्या प्रथिनांना उष्णता सोसत नाही. गायीच्या चिकाचा खरवस घट्ट बसतो, तो त्यामुळेच.

पावडरीखेरीज आणखी एक वाट आहे, दुसऱ्या आईच्या दुधाची. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. अशा पेढ्यांत दान आलेलं दूध उकळत नाहीत. ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं ठेवतात. जंतू मरतात, लॅक्टोफेरिन बरंचसं आणि प्रतिपिंडंही काही खर्ची पडतात. उरतात ती अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या नळीतून, काही मिलिलिटरच्या मापाने, आत जातात.